बंटीच्या नाकावरचं कुंकू

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. पाय आपटून आपटून माझ्या तळव्याची लव गेली, कातडी सोलली, पण त्या घरातल्या एकाही मोठ्या माणसाला वाटलं नाही की ही काहीतरी सांगतेय. माजलीय म्हणाले. चप्पल फेकून मारली. पिंजऱ्यावर जुनी चादर टाकून मोकळे झाले. आता तुम्ही ऐका. ऐकून सोडून दिलंत तरी चालेल, पण अर्ध्यात उठून जाऊ नका.

मी सशीण बोलतेय. ओमानमध्ये, अल हैलमधल्या एका जुन्या व्हिलाच्या खालच्या मजल्यावर सदानंद आणि सुगंधा राहतात, त्यांच्या घरातली तपकिरी सशीण. त्यांच्या मुलीने, ज्ञानदाने, माझं नाव ब्राउनी ठेवलं. सुगंधा मला टवळी म्हणते. दोन्ही नावं मी मागितली नव्हती.

माझ्याबरोबर बंटी होता. पांढरा, जाडा, बावळट. तो मेला. त्याला कशाने मारलं ते मला ठाऊक आहे, कारण एकाच पिंजऱ्यात त्याच्या अंगाला अंग लावून मी बसले होते. ज्याच्यावर आळ आला, त्याचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. तेवढंच सांगायचंय.

माझा जन्म खाबुऱ्याच्या एका शेतातला. खजुराच्या झाडाखाली आईने भुसभुशीत मातीत बीळ केलं होतं. डोळे उघडायच्या आधी मी एकच गोष्ट शिकले. आईने मागचा पाय जमिनीवर आपटला की खाली. का म्हणून विचारायचं नाही. माझं एक भावंड विचार करत बसलं, त्याला मांजराने नेलं. आमच्या भाषेत एकच शब्द आहे, आणि तो पायाने बोलतात.

अंगावर जरा मांस चढल्यावर टोमॅटोच्या क्रेटमधून आमची रवानगी बाजारात झाली. एका बाजूला जाडे, दुसऱ्या बाजूला देखणे. जाडे हंडीत जायचे, देखणे पोरांच्या हातात. मी मधेच कुठेतरी होते. सदानंद तिथल्या शेतावरच्या बंगल्याचा एसी दुरुस्त करून परतताना बाजारात थांबला होता. विकणाऱ्याने मला आणि बंटीला कानाला धरून वर उचललं, म्हणाला, यल्ला, दोन्ही घे, एकटा ससा जगत नाही. त्या माणसाला एवढं कळत होतं. पुढे ज्यांच्याकडे गेले त्यांना तेवढंही कळलं नाही.

सुरुवातीला कौतुक फार. फोटो काढले, कुडाळजवळच्या गावी सुगंधाच्या आईला व्हिडिओवर दाखवले. ज्ञानदा तेव्हा शाळेत नवीन नवीन जायला लागली होती. आमच्याशी इंग्रजीत बोलायची, आईशी अर्धवट मराठीत. मग कौतुक ओसरलं. मला पोरं होऊ नयेत म्हणून बंटीला डॉक्टरकडे नेऊन खच्ची करून आणलं, आणि आमचा पिंजरा हॉलच्या कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या दाराशी कायमचा बसला. मी माणसांना पायांवरून ओळखते. सदानंदची टाच भेगाळलेली, सुगंधाच्या पायात जोडवी, आणि ज्ञानदाच्या पायात एकाच बाजूचा मोजा, दुसरा नेहमी हरवलेला. रोज येऊन पाणी बदलायचे, लसूणघास टाकायचे ते पाय तिचे. पिंजऱ्याची कडी सैल होती, म्हणून दाराला ती आपल्या केसांचं काळं रबर दोन वेढे देऊन अडकवायची. एक दिवस चुकली नाही. हे लक्षात ठेवा.

आता सुगंधाची गोष्ट. सुगंधाच्या माहेरी पहिली भाकरी गाईची. चुलीवरून उतरली की गाईच्या तोंडात, मग माणसांच्या. ओमानमध्ये आल्यावर तिला गाय मिळेना. पहिली काही वर्षं ती भाकरी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवायची. कावळे आणि मांजरं गोळा झाली, तसा घरमालक अर्बाब येऊन ओरडून गेला. मग आम्ही आलो. चार पाय, गवत खाणार, कुणाच्या अध्यात नाही. तिने गावच्या भटजींना फोन लावून विचारलं, सशाला गाईचा घास दिला तर चालेल का. भटजींनाही त्या वेळी दुसरं काम असावं. ते म्हणाले, गवत खातो ना, मग भाव महत्त्वाचा.

झालं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही गाय.

रोज सकाळी तांदळाची अर्धी भाकरी, भोवती पाण्याचं बोट, आणि नमस्कार. भाकरी मला पचत नाही, पोट फुगतं, मी तोंड लावायची नाही. बंटी मात्र भाकरीवर वाढला. सुगंधाच्या बांगड्या वाजल्या की हा दोन पायांवर उभा. सदानंद हसायचा, म्हणायचा, "गाय कसली गं, बैल आहे तो. डॉक्टरला विचार." सुगंधा त्याच्याकडे असं बघायची की चहा आपोआप थंड व्हावा.

आणि तिचा नियम असा की गाईपुढे ठेवलेलं उचलायचं नाही. कचऱ्यात तर नाहीच. दुसऱ्या दिवशीची भाकरी आली की मगच आदल्या दिवशीची काढायची आणि झाडाच्या मुळाशी टाकायची. म्हणजे दिवसरात्र आमच्या पिंजऱ्यापुढे उरलेली भाकरी पडलेली.

उंदीर काय, वाटच बघत होते.

माणसांना वाटतं ससा आणि उंदीर भाऊबंद. माझ्या शत्रूला मिळोत असले भाऊबंद. आमच्या गवतात मुतायचे. गजांमधून आत यायचे आणि मी पेंगत असले की घरटं करायला माझ्या पाठीचे केस उपटून न्यायचे. एकदा त्यांच्यातली एक तुटक्या शेपटीची बंटीच्या कानामागे तोंड घालून त्याची चरबी कुरतडत होती आणि हा शहाणा झोपला होता. मी ढुशी मारून तिला गजावर आपटलं. मला तिची दया आली नाही, आजही येत नाही.

सुगंधाला लेंड्या दिसल्या तेव्हा आधी खापर आमच्यावर फुटलं. सशांच्या वासाने उंदीर येतात, गवतातून येतात, ज्ञानदा पिंजरा नीट धूत नाही. ज्ञानदा बिचारी नळाखाली ट्रे घासून घासून धुवायची. उंदीर ट्रेकडे बघतही नव्हते.

वरच्या मजल्यावर विशाखा राहते. अकोल्याची, एका ऑफिसात इंजिनियर, घरात दिवा लावते तो बुद्धापुढे. दह्यासाठी विरजण मागायला आली, भाकरीवर बसलेला उंदीर तिने पाहिला आणि सरळ बोलली. "वहिनी, सशांना कशाला नावं ठेवता? तुम्ही रोज उंदरांना पान वाढताय. ती भाकरी उचला, आठवड्यात एक दिसणार नाही."

सुगंधा विरजण वाटीत काढत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमच्यात नसतं ना हे गाईचं वगैरे. तुम्हाला नाही कळायचं."

विशाखाने वाटी घेतली. थँक यू म्हणाली. परत कधी विरजण मागायला आली नाही. तिचे पाय जिन्यावरून जाताना ऐकू येतात, आमच्या दाराशी मंदावतात आणि वर जातात.

भाकरी तशीच राहिली.

मग सदानंदने चिकट पाट्या आणल्या. पुस्तकासारख्या उघडायच्या आणि फ्रिजखाली सरकवायच्या. तुटक्या शेपटीची पहिल्याच दुपारी अडकली. ओरडली किती. अंग सोडवायला गेली तसं पोटाचं कातडं पाटीवर राहिलं. सुगंधा टीव्हीचा आवाज वाढवून बसली. संध्याकाळी सदानंद कामावरून आला, पाटी मिटली, पिशवीत घातली आणि अंगणात नेऊन त्या पिशवीवर भेगाळलेली टाच दिली. ज्ञानदा खिडकीतून बघत होती. ती जेवली नाही, तर सुगंधा म्हणाली, उंदरासाठी रडतेस, मग आईसाठी काय करशील?

पण उंदीर शहाणे. बाकीच्यांनी पाटी टाळली, भाकरी टाळली नाही. तेव्हा सदानंद अल खौदच्या दुकानातून विष घेऊन आला. गुलाबी दाणे. नुसते ठेवले तर कुणी हुंगेना. मग त्याने डोकं लढवलं. म्हणाला, यांना आपल्या भाकरीची चटक लागलीय, भाकरीतच देऊ.

सुगंधाने त्याला भाकरी दिली. गाईची नाही हं. तेवढं सोवळं तिने पाळलं. म्हणाली, "पहिलीला हात लावू नका, ही दुसरी घ्या." त्याने दुसरीचे तुकडे केले, गूळ फासला, त्यात गुलाबी दाणे दाबले आणि फ्रिजमागे, वॉशिंग मशीनच्या खाली, जिथे ससा कधी पोचणार नाही तिथे ठेवले. हात साबणाने धुतले. स्वतःवर खूश झाला.

ससा पोचणार नाही हे खरं. पण उंदराला पाय असतात की. उंदीर सापडलं तिथे बसून सगळं खात नाही, थोडं ओढून नेतो आणि मऊ जागी लपवतो. त्या घरात सगळ्यात मऊ जागा कुठली? आमचं गवत.

दुपारची वेळ होती. सुगंधा आडवी झाली होती. एक बारकं पिल्लू स्वतःच्या डोक्याएवढा तुकडा ओढत गजांतून आत आलं आणि गवतात खुपसून गेलं. मग दुसरं आलं. गुळाचा वास, आणि गुळाखाली असा कडू, मेलेला वास की माझ्या मिश्या ताठ झाल्या. मी पाय आपटला. पुन्हा आपटला. ट्रे वाजायला लागला.

सुगंधा आतून ओरडली, "टवळे, गप." मी थांबले नाही. ती आली, चप्पल काढली आणि मारली. ती गजाला लागली. चप्पल उचलायला वाकली तेव्हा तिचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं आणि गवत तिच्या हाताशी. नुसतं चाचपलं असतं तरी सापडलं असतं. तिने चप्पल पायात घातली आणि गेली.

बंटीला त्या तुकड्यांचा वास लागला. त्याच्या लेखी भाकरी म्हणजे त्याची. एवढी वर्षं हात जोडून ज्याच्यापुढे ठेवली, त्याला हे कसं कळणार की आजची भाकरी नमस्काराची नाही? मी आडवी पडले, ढुशी दिली, कान चावला. रक्त आलं तरी त्याने तोंडातला घास सोडला नाही. गुळाची भाकरी पहिल्यांदाच मिळाली होती. मिटक्या मारून खाल्ली.

ते विष लगेच मारत नाही. तेवढी दया त्यात नाही. आतल्या आत रक्त पातळ करतं आणि वाट बघतं. बंटी आधी सुस्त झाला. मग सकाळी बांगड्या वाजल्या तरी उठेना. सुगंधा म्हणाली, जाडा झालाय, अंगात आळस भरलाय.

अशात वसुबारस आली.

गाय-वासराची पूजा. गाय आम्हीच होतो. सुगंधाने नवी साडी नेसली, ताम्हण घेतलं, पिंजऱ्यापुढे रांगोळीची चार बोटं ओढली. बंटीला उचलून पाटावर बसवलं. एरवी हा हातात ठरायचा नाही, त्या दिवशी मान खाली घालून बसला. सुगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, बघा, कसा गरीब गाईसारखा बसलाय. त्याच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, पाणी शिंपडलं.

पहिल्यांदा ज्ञानदाने पाहिलं. त्याच्या नाकाच्या टोकाला लाल थेंब होता.

"आई, बंटीच्या नाकातून ब्लड येतंय."

"कुंकू ओघळलंय ते. पाणी शिंपडलं ना मी."

ज्ञानदाने फ्रॉकच्या टोकाने पुसलं. थांबली. पुन्हा थेंब आला. तिने कपाळाकडे बघितलं. कपाळावरचं कुंकू जागच्या जागी सुकलेलं होतं.

"आई, मी पुसलं. परत आलं. कुंकू परत येत नाही."

सुगंधाने ताम्हण खाली ठेवलं नाही. म्हणाली, "सणाच्या दिवशी रक्तबिक्त तोंडातून काढू नकोस. हात जोड."

मी पिंजऱ्यातून पाय आपटत होते. ज्ञानदा वळली, माझ्याकडे बघितलं, मग बाबाकडे गेली. सोफ्यावर फोनमध्ये तोंड घालून तो बसला होता. ती त्याला म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ या ना, ब्राउनी पण सांगतेय. त्या घरात माझं बोलणं कळलं ते एवढ्या एका जिवाला. सदानंद हसला. "ससा सांगतो आणि तू ऐकतेस? उद्या बघू, इन्शाल्ला." या देशात राहणाऱ्या पोरांना कळतं, बाबा इन्शाल्ला म्हणाला म्हणजे ते काम होणार नाही. तिने बंटीला आत माझ्याशेजारी ठेवलं आणि दाराला रबराचे दोन वेढे दिले. माझं आपटणं थांबेना, तेव्हा सदानंद उठला आणि त्याने पिंजऱ्यावर चादर टाकली.

चादरीखाली काय झालं ते थोडक्यात सांगते. बंटी माझ्या कुशीत शिरला. गरम होता, मग ओला झाला, मग गार. मी त्याचं नाक चाटत राहिले. चव मिठाची होती. कुंकवाला ती चव नसते.

सकाळी सुगंधाने चादर काढली. हातात गाईची भाकरी होती. बंटीला बघून ती किंचाळली नाही. आधी भाकरी खाली नीट ठेवली, मग तोंडाला पदर लावला.

सदानंद आला. गवतावरचं रक्त पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला लगेच कळलं. म्हणाला, "हे उंदराच्या औषधानेच. पण मी तर फ्रिजमागे ठेवलं होतं. हा तिथे गेलाच कसा?"

ज्ञानदा अजून झोपली होती. सदानंद बंटीला गुंडाळायला पिशवी शोधत आत गेला, आणि सुगंधा पिंजरा साफ करायला बसली. दाराचं काळं रबर तिने काढून मांडीवर ठेवलं. गवत उचललं. गवताखालून एक तुकडा पडला.

तांदळाची भाकरी, एका बाजूला गूळ, गुळात दोन गुलाबी दाणे. भाकरीवर बोटांचे ठसे असतात. ज्याची भाकरी त्याचे ठसे. स्वतःची बोटं तिने ओळखली.

ती पुटपुटली ते मी ऐकलं. "गोहत्या." तेवढंच.

तुम्हाला हसू येईल. ससा मेला तर गोहत्या कसली? पण तिनेच आम्हाला गाय केलं होतं ना. भटजींना विचारून केलं होतं. वसुबारसेला ओवाळलं होतं. आता त्याच गाईच्या पोटात तिच्या हातची भाकरी विष होऊन गेली होती, आणि हे पाप धरून बसायला तिच्या अंगात बळ नव्हतं. मला ते कळत होतं. बाईला भीती वाटली तर तिला मी नावं ठेवणार नाही. पुढे तिने जे केलं त्याला ठेवते.

ती उठली, तुकडा संडासात टाकला आणि पाणी सोडलं. परत आली. मांडीवरून खाली पडलेलं काळं रबर तिने उचललं, आपले मोकळे केस मागे ओढले आणि त्या रबराने बांधून टाकले.

सदानंद पिशवी घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "दार उघडं होतं पिंजऱ्याचं. रबर नव्हतं लावलेलं."

त्यालाही तेच हवं होतं. विष त्याने आणलं होतं. दार उघडं होतं म्हटल्यावर त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरताना मी पाहिलं. त्याने पुढे एक शब्द विचारला नाही.

ज्ञानदाला उठवलं. ती डोळे चोळत आली, एकाच पायात मोजा. सुगंधाने विचारलं, काल दाराला रबर लावलं होतंस? ती म्हणाली, लावलं होतं. मग कुठे आहे ते? दाखव. पोरीने पिंजऱ्याभोवती शोधलं, गवतात शोधलं, सोफ्याखाली वाकून शोधलं. समोर आईच्या मानेवर होतं ते रबर. काळं रबर, दहा जणींच्या केसांत असतं तसं. तिला कसं कळावं?

"बघ," सुगंधा म्हणाली. "तू दार उघडं टाकलंस, तो फ्रिजमागे गेला आणि मेला. आता रडून काय उपयोग?"

मी पाय आपटला. इतका आपटला की नख तुटलं. ज्ञानदाने माझ्याकडे बघितलं, पण या वेळी तिला कळलं ते उलटंच. पिंजऱ्याशी बसून मला म्हणाली, "सॉरी ब्राउनी. मला माहितीय तू रागावलीस." मी गजांतून तिचं बोट चाटलं. ती आणखी रडायला लागली.

आता माझा पिंजरा मागच्या व्हरांड्यात आहे. दुपारी इथे ऊन असं येतं की पाणी कोमट होतं. एकटी सशीण जगत नाही, तो खाबुऱ्याचा माणूस म्हणाला होता. मी जगतेय, कशी ते विचारू नका. आणि गाय आता मी. हो, भाकरी अजून येते. रोज सकाळी, पाण्याचं बोट, नमस्कार. सुगंधा माझ्या डोळ्यांत बघत नाही, पण भाकरी चुकवत नाही. उंदीरही चुकवत नाहीत. काल सदानंद नवं पाकीट घेऊन आला. गुलाबी दाणेच आहेत, मी वासावरून ओळखलं. मी पाय आपटते, पण ज्ञानदा आता धावत येत नाही. गुन्हेगार ठरलेल्या पोरीने कुणाला काय सांगावं?

तुमच्याही घरात कुणी मुकं जीव तोडून पाय आपटत असेल. चप्पल उचलायला वाकाल तेव्हा एकदा गवतात हात घालून बघा. माझं एवढंच मागणं आहे.

आज सकाळी सुगंधाच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. म्हातारीला कुणीतरी आता सांगितलं. ती विचारत होती, "काय गो, सश्याक काय झाला? कोणामुळां गेलो तो?" सुगंधाने फोन ज्ञानदाच्या तोंडासमोर धरला. म्हणाली, सांग आजयेक.

ज्ञानदाचं मराठी तुम्हाला माहीत आहे. अडखळतं, मधेच इंग्रजीत जातं. हे वाक्य मात्र तिला पाठ झालंय. न अडखळता म्हणाली, "माझ्यामुळे गेला, आजी. मी दार उघडं ठेवलं."

म्हातारीला नीट ऐकू आलं नाही. "कोण म्हणता? नाव सांग गो, माका ऐकाक येना नाय."

सुगंधाने फोन स्वतःकडे वळवला. काळ्या रबरातून सुटलेली बट कानामागे सारली आणि सावकाश, स्पष्ट सांगितलं,

"ज्ञानदा."